फुटपाथवरच्या माणसांसाठी काही करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची

आठ वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही सहा-सात जणांनी पैसे काढून साठ ब्लँकेटं घेतली आणि रात्री अकरा वाजता दादर ते किंग्ज सर्कल गाडीतून वाटत सुटलो. झोपलेल्या माणसांच्या अंगावर टाकत गेलो, फोटो काढले, घरी येऊन स्टेटसला लावले, आणि खरं सांगते तेव्हा खूप छान वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्याला एका मावशींना विचारलं ब्लँकेट कुठंय, तर म्हणाल्या, "ठेवू कुठं ताई? दिसभर डोक्यावर घेऊन फिरू का? दिलं शंभर रुपयाला. त्यापरीस ताडपत्री आणली असती तर पावसात कामाला आली असती." मुंबईत थंडी ती किती, मोजून चार-सहा रात्री, आणि पाऊस चार महिने. हे आम्हाला काय माहीत नव्हतं का, होतंच, पण साठ ब्लँकेटं घेण्याआधी साठातल्या एकाला पण आम्ही विचारलं नव्हतं.

आता बरेच जण मेसेज करून विचारतात की आम्हाला पण काहीतरी करायचंय, कसं करू, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. हे मुंबईच्या अनुभवातनं आहे, पुण्या-नाशिकला थंडीचा हिशोब वेगळा लागेल, बाकी बहुतेक सगळं तसंच.

पहिले तीन-चार आठवडे हात रिकामे ठेवा

हे सगळ्यांना फार जड जातं, पण कराच. घराजवळचा एकच पट्टा घ्या, एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत, जास्त नको. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ आणि शक्यतो तीच दोन माणसं, त्यात एक बाई असलीच पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लोक आपणहून बोलायला लागतात कारण त्यांना कळतं की हे परत येणारे आहेत. एकदा येऊन काहीतरी हातात कोंबून जाणारे त्यांनी खूप बघितलेत.

वेळ संध्याकाळी साडेसात ते साडेआठ. अकराला जाऊ नका. रोजच्या कामासाठी नाक्यावर उभे राहणारे मजूर नऊलाच आडवे होतात, पहाटे पाचला उठून संडासच्या लाइनीत उभं राहायचं असतं त्यांना, अशा माणसाला मध्यरात्री हलवून खिचडी देण्यात काय अर्थ आहे. आणि झोपलेल्या बाईच्या अंगावर अंधारात अनोळखी माणूस वाकला तर तिच्या पोटात काय गोळा येत असेल तेवढा विचार करा.

नुसतं फिरलात तरी एक गोष्ट लक्षात येईल, ती म्हणजे "बेघर" हा एकच एक प्रकार नाहीये. नाका कामगार असतात, लग्नसराईत केटरिंगला वाढपी म्हणून जाणारी आणि रात्री तीनला परत येणारी पोरं असतात, पुठ्ठा-भंगार गोळा करणाऱ्या बायका, सिग्नलला गजरे आणि लिंबू-मिरची विकणारी पारध्यांची कुटुंबं, परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास उपचारासाठी महिनोन्‌महिने राहिलेले बाहेरगावचे पेशंट आणि त्यांच्यासोबतची माणसं, पोटच्या पोरांनी बाहेर काढलेले म्हातारे, आणि मानसिक आजारात घरातून निघून गेलेले. प्रत्येकाची अडचण वेगळी. पेशंटच्या बायकोला पेज शिजवायला आडोसा हवा असतो, केटरिंगच्या पोराला दिवसा चार तास कोणी न उठवता झोप मिळाली तरी खूप, आणि भंगारवाल्या मावशींना त्यांची गोणी संध्याकाळपर्यंत जागेवर राहिली म्हणजे झालं. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्री बेघरांची मोजणी झाली, देशभरात १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या वर माणसं निघाली. एका रात्रीत मोजली हां, त्या रात्री जो पोरगा कुठल्यातरी हॉलवर कढया घासत होता तो यात मोजला गेला असेल का सांगा.

बोलायचं कसं

अहो-जाहो करायचं, बस. आपण दुकानदाराला अहो म्हणतो, रिक्षावाल्याला दादा म्हणतो आणि फुटपाथवरच्या साठीच्या माणसाला "ए बाबा, जेवलास का" म्हणतो, आपल्याला कळत पण नाही. मावशी, काका, आजी, दादा, ताई, जे वयाला शोभेल ते. हिंदी बोलणारे असतील तर "आप", मुंबईच्या हिंदीत "तू" पटकन तोंडात येतं ते सांभाळा. आमच्या ग्रुपमध्ये नवीन कोणी आलं की पहिल्या दिवशी एवढीच एक गोष्ट सांगतो आणि तीच सगळ्यात जास्त वेळा चुकते.

नाव विचारायच्या आधी स्वतःचं सांगा. "घर का सोडलंत", "मुलं बघत नाहीत का" असलं काही पहिल्या भेटीत नको, तुमच्या घरी पहिल्यांदा आलेल्या माणसाने असं विचारलं तर तुम्हाला चालेल का. जेवण झालं का, आज काम लागलं का, पाणी कुठनं आणता, इथपासून सुरू करा. आणि खाली बसा. उभं राहून बोललं की त्यांना मान वर करून बोलावं लागतं. बसताना त्यांनी अंथरलेल्या गोधडीवर चपलेचा पाय पडू देऊ नका कारण ते त्यांचं घर आहे, त्यांनी "या, बसा" म्हटलं तर चप्पल बाजूला काढून बसायचं. आमच्या पट्ट्यातल्या एक आजी दोन विटा समोर ठेवतात, तो त्यांचा उंबरा, दिवाळीत त्या विटांच्या मधे चार बोटांची रांगोळी असते.

द्यायचं काय

एक काका होते, तीन शनिवार त्यांनी खिचडीला नको म्हणून हात हलवला, आम्हाला वाटलं माणूस तापट आहे, सोडून द्या. चौथ्या वेळी मी खाली बसून विचारलं, काका मग काय आणू. त्यांनी काही न बोलता पाय पुढे केला. अंगठ्याचं नख वाढून, वळून बाजूच्या मांसात शिरलं होतं, चप्पल घालता येत नव्हती, आणि चप्पल नाही म्हणून नाक्यावर मुकादम त्यांना गाडीत घेत नव्हता. म्हणजे काम बंद होतं एका नखापायी. पुढच्या दिवशी नेलकटर नेलं, चहाच्या टपरीवरून डबाभर कोमट पाणी घेतलं, त्यात पाय बुडवून बसले अर्धा तास आणि मग स्वतःच हळूहळू कापलं त्यांनी, माझ्या हातात नाही दिलं. नऊ नंबरची चप्पल घेतली. सोमवारी कामावर गेले.

तेव्हापासून आमच्या पिशवीत नेलकटर कायम असतं. बाकी काय लागतं ते सांगते, पण यादी म्हणून घेऊ नका, तुमच्या पट्ट्यात विचारून घ्या. नवीन आतले कपडे, बायकांचे आणि पुरुषांचे, हे कोणीच देत नाही कारण द्यायला लाज वाटते आणि मागणाऱ्याला त्याहून जास्त वाटते. सॅनिटरी पॅड, आणि ते वर्तमानपत्रात गुंडाळून बायकांनीच बायकांना द्यायचे. साबणाची छोटी वडी, मोठी नको, ओली राहते आणि सगळं सामान खराब करते. डास पळवायची क्रीम, सुई-दोरा, सेफ्टी पिन, ओआरएसची पाकिटं, पावसात पायाला चिखल्या होतात त्याचं मलम. माळ्यावरचे विटलेले कपडे देऊ नका, फाटकी साडी तुम्ही नेसणार नसाल तर त्यांनी का नेसावी. पैसे भरायचेच असतील तर सार्वजनिक शौचालय चालवणाऱ्या दादांकडे आगाऊ भरून ठेवा, म्हणजे महिनाभर पाच-सहा बायकांना आंघोळ आणि संडास फुकट होतो. हे आमचं सगळ्यात चांगलं काम आहे असं मला वाटतं, आणि त्याचा फोटो काढण्यासारखं त्यात काहीच नाही.

जेवणाचं म्हणाल तर कॅलेंडर बघा. पितृपंधरवड्यात, अमावस्येला, शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर, गणपतीत एवढं अन्न येतं की टाकायची पाळी येते, आणि जुलैत सलग तीन दिवस पाऊस लागला की एक माणूस फिरकत नाही, नाका पण बंद, चूल पण भिजलेली. तेव्हा जा. तिखट कमी ठेवा, दात नसलेल्यांसाठी मऊ भात किंवा पेज वेगळी न्या, डायबिटिस असलेल्याला शिरा आणि बुंदी नको. जवळ शिवभोजन केंद्र चालू आहे का ते बघून ठेवा, २०२० च्या २६ जानेवारीला सुरू झालेली ती योजना, दोन चपात्या, भाजी, वरण, भात, १० रुपये. दहा रुपये स्वतःच्या खिशातनं देऊन बाकावर बसून जेवणं आणि गाडीतून पुढे केलेलं पाकीट घेणं यात किती फरक आहे तो जेवणाऱ्याच्या तोंडावर दिसतो.

कागदपत्रं, इथे खरा वेळ घाला

प्रत्येक बाईच्या उशाखाली एक पिशवी असते. एका ताईंनी मला उघडून दाखवली होती, आधी तेलाची प्लास्टिकची पिशवी, त्याच्या आत दुधाची, त्याच्या आत रुमाल आणि रुमालात घड्या पडून चार तुकडे झालेलं रेशनकार्ड, पोराचा जन्मदाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि एका शाळेचं ओळखपत्र. झोपताना ती पिशवी पोटाशी. अतिक्रमण हटवायला गाडी येते तेव्हा सामान उचललं जातं आणि त्यात ही पिशवी गेली की माणूस कागदावरून पुसला जातो, मग पुढची पाच वर्षं फक्त "पुरावा आणा". त्या ताईंची पिशवी पुढच्याच पावसाळ्यात गेली. आम्ही त्याआधी त्यांना विचारून सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते म्हणून दाखले परत निघाले तरी, नाहीतर जन्मदाखल्याचा नंबर कोणाला पाठ असतो. तर पहिलं काम हे, परवानगी घेऊन फोटो काढा, झेरॉक्स काढा, त्यांनी सांगितलं तर एक संच तुमच्या कपाटात ठेवा आणि कोणाचं काय ठेवलंय ते वहीत लिहा.

दुसरं मतदार यादी. खूप जणांना वाटतं घर नाही तर मतदान नाही. तसं नाहीये. बेघर माणूस फॉर्म ६, म्हणजे नवीन मतदार नोंदणीचा अर्ज, भरू शकतो, त्यात जिथे झोपतो ती जागा लिहायची, मग बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी बघणाऱ्या निवडणूक कर्मचाऱ्याने, रात्री त्या जागी येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघायचं, एकापेक्षा जास्त रात्री यायचं, आणि खात्री झाली की राहण्याचा कागदोपत्री पुरावा लागत नाही. निवडणूक आयोगाचाच नियम आहे हा. फॉर्म भरताना तुम्ही सोबत असा, बीएलओला फोन करून आठवण करून द्या, आणि त्या रात्री त्या माणसाला सांगून ठेवा की आज जागा बदलू नका. आमच्या इथे तीन जणांचं कार्ड असं निघालं. एका काकांनी वयाच्या ६४ व्या वर्षी पहिल्यांदा मत दिलं आणि शाई लावलेलं बोट दोन दिवस सगळ्यांना दाखवत होते.

आधारला मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं, त्यामुळे जवळच्या बेघर निवारा केंद्राशी ओळख करून ठेवा. आधार झालं की बँक खातं, खातं झालं की पेन्शन आणि टीबीच्या पेशंटला सरकारकडून पोषणासाठी मिळणारे महिना १००० रुपये, हे सगळं एकामागून एक सुटत जातं. पण वेळ लागतो, आठ-आठ चकरा होतात. एका वेळी एकाच माणसाचं काम हातात घ्या आणि तडीस न्या.

आजारी माणूस दिसला तर

१०८ ला फोन करा आणि थांबा, फोन करून निघून जाऊ नका. सोबत कोणी नसलं की अशा माणसाला दारातनंच परत पाठवतात, आमच्यासोबत एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात झालंय असं, पायाच्या जखमेत किडे झालेले होते आणि सांगितलं आधी आंघोळ घालून आणा. तेव्हा मी भांडले, त्याचा काही उपयोग झाला नाही. नंतर कळलं की भांडायच्या ऐवजी मेडिकल सोशल वर्करचा विभाग गाठायचा, मोठ्या हॉस्पिटलांत तो असतो, तिथून चिठ्ठी घेतली की केस पेपरपासून औषधांपर्यंत सगळं सोपं जातं. जखमेत किडे असतील तर घरगुती काही टाकू नका, झाकून सरळ न्या. आणि अॅडमिट झाल्यावर रोज कोणीतरी दहा मिनिटं डोकावलं पाहिजे, नर्सला कळू दे या बेडला माणसं आहेत.

मानसिक आजार असलेल्यांना लोक वेडा म्हणून दगड मारतात नाहीतर घाबरून रस्ता ओलांडतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशा भटकणाऱ्या माणसाला संरक्षण देणं आणि २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीला नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे, हे चौकीत शांतपणे सांगा, शक्य असेल तर कलम छापून खिशात ठेवा. कर्जतला श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन आहे, डॉ. भरत वाटवानी यांचं, २०१८ ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची सुरुवातच अशी झाली की रस्त्यावर गटाराचं पाणी पिणारा एक तरुण त्यांना आणि त्यांच्या पत्नीला दिसला, त्याला उचलून उपचार केले आणि बरा झाल्यावर कळलं की पोरगा बीएस्सी झालेला आहे, आंध्रातल्या चांगल्या घरचा आहे, घरचे शोधतायत. मी प्रत्येक नवीन माणसाला ही गोष्ट सांगते.

लहान मूल एकटं दिसलं तर १०९८, एकटे म्हातारे असतील तर १४५६७. हे दोन नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाका.

लोक जे बोलतात त्याचं काय करायचं

हे जेवण देण्यापेक्षा अवघड आहे. कारण बोलणारे आपलेच असतात, आत्या, शेजारी, ऑफिसमधले.

"काम नको असतं यांना, दिवसा अकरा वाजता झोपलेले असतात." हे सगळ्यात जास्त ऐकलंय मी. अकराला झोपलेला तो पोरगा पहाटे तीनला हॉलवरून आलेला असतो. आणि बायका रात्री धड झोपत नाहीत, आमच्या पट्ट्यात चार जणी आळीपाळीने जागतात, कारण वयात आलेल्या पोरी मधे झोपलेल्या असतात. उजाडलं, रस्त्यावर वर्दळ झाली की मग त्यांचा डोळा लागतो आणि नेमकं तेव्हाच आपण ऑफिसला जाताना बघतो. मी हे एवढंच सांगते समोरच्याला, वाद घालत नाही.

"गावी का नाही जात परत?" १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवाल्यांना बसमध्ये घालून गावी पाठवायचं ठरलं होतं, त्यावर पत्रकार ओल्गा टेलिस यांची केस झाली आणि १९८५ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की पोट भरायचं साधन हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. फुटपाथवरून कोणाला हटवताच येणार नाही असं मात्र कोर्टाने म्हटलं नाही, रीतसर करा आणि पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हटलं, हे पण खरं सांगायला हवं. त्या केसमधला एक अर्जदार तमिळनाडूतल्या सालेमचा भूमिहीन मजूर, दुष्काळाने काम गेलं म्हणून १९६१ ला मुंबईत आला, दहिसरच्या केमिकल कंपनीत २३ रुपये रोजावर लागला आणि हायवेच्या फुटपाथवर प्लास्टिकच्या आडोशासाठी एका झोपडपट्टी-दादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले. शंभराहून जास्त दिवसांची मजुरी, आणि हा माणूस फुकट्या?

"सरकारने शेल्टर बांधलीत ना." नियम असा आहे की शहरात दर एक लाख वस्तीमागे शंभर माणसांचं एक निवारा केंद्र पाहिजे, वर्षभर, चोवीस तास. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या आसपास केंद्रं हवीत, प्रत्यक्षात त्याच्या जवळपास पण नाहीयेत. आणि जी आहेत तिथे बरेचदा नवरा एकीकडे, बायको-पोरी दुसरीकडे, हातगाडी ठेवायला जागा नाही, कामाची जागा लांब. आपण राहिलो असतो का?

"चोर असतात." हे पारध्यांबद्दल तर लोक इतकं सहज बोलतात. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून आख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ ला गेला पण लोकांच्या डोक्यातनं गेला नाही, अजून कुठे चोरी झाली की पहिली उचलबांगडी सिग्नलवरच्या पारध्यांची. भिकेचा कायदा पण तसाच, १९५९ चा, पोट भरायचं काही साधन दिसत नाही आणि माणूस रस्त्यावर भटकतोय एवढ्यावर भिकारी ठरवून पकडता येतं, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं डांबता येतं. दिल्ली हायकोर्टाने २०१८ ला तिथे त्यातली बरीच कलमं रद्द केली, महाराष्ट्रात तो आहेच अजून. म्हणजे गजरे संपवून रिकामी टोपली घेऊन बसलेल्या बाईला पण उचलता येतं.

"दारू पितात." हो, काही जण पितात, खोटं बोलून उपयोग नाही, आणि नशा करणारी पोरं पण आहेत, त्यांना गर्दुल्ले म्हणून हाकलतात. मी एवढंच विचारते की आपल्या सोसायटीत कोण पीत नाही, फरक हा की आपल्याला दार लावून घेता येतं. पिणाऱ्याला पण भूक लागते, ताप येतो. प्यायलेला असेल तेव्हा बोलत बसू नका, नमस्कार करा, पुढे जा, पुढच्या शनिवारी भेटा. "पोरं भाड्याने आणतात" असा मेसेज आला तर फॉरवर्ड करू नका, खरंच एखाद्या मुलाबद्दल शंका असेल तर १०९८ आहे ना.

सोसायटीला कसं पटवायचं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने गेटसमोरच्या कुटुंबाचा फोटो टाकला, खाली लिहिलं आपल्या मुलांना धोका आहे. कोणी म्हणालं रात्री पाइपने पाणी मारा, कोणी म्हणालं मोठ्या कुंड्या ठेवा. मी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही, कारण तिथे लिहिलं की माणूस हट्टाला पेटतो. कमिटीतल्या दोघींच्या घरी गेले, चहा घेतला, आणि एवढंच म्हटलं की एक शनिवार माझ्यासोबत चला, काही द्यायचं नाही, नुसतं चला. एक आल्या. त्या वर्षानुवर्षं रोज देवळाच्या कोपऱ्यावर ज्या बाईकडून गजरा घेतात ती बाई त्या गोधडीवर बसून पोराला भरवत होती. "अगं तू इथे राहतेस?" "व्हय ताई, अकरा वरसं झाली." त्यावर आमच्या काकू काहीच बोलल्या नाहीत, पोराला काय भरवतेस विचारलं, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग हळूच कठड्यावर बसल्या.

पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनीच विषय काढला. आम्ही मोठं काही मागितलं नाही, फक्त गेटजवळचा नळ सकाळी सहा ते साडेसहा त्यांना द्यायचा, आणि वॉचमनच्या केबिनमध्ये दोन मोबाइल चार्जिंगला. चार्जिंगचं लोकांना हसू येतं पण नाक्यावरच्या माणसाला काम फोनवरच येतं आता. दोन सभासदांचा अजूनही विरोध आहे, दर मीटिंगला तक्रार असते, असू दे. कुंड्या काही आल्या नाहीत.

तुम्ही पण असंच एक छोटं मागणं घेऊन जा, ज्याला हो म्हणायला फार खर्च येत नाही. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न आहे तसंच बेघरांना आसरा पण आहे, आणि आपण सगळे फक्त अन्नाचं तेवढं लक्षात ठेवतो. मुलांना सोबत न्यायचं असेल तर न्या, पण वाढदिवसाचा केक कापायला नको, तिथली पोरं टाळ्या वाजवायला नाहीयेत. आधी चार वेळा येऊन त्यांच्यासोबत लगोरी खेळू दे, मग बाकीचं.

काही गोष्टी पक्क्या ठेवा. फोटो नाही, कागदपत्रांचा सोडून, आणि तो पण विचारून. खोली बघून देतो, नोकरी लावतो असलं तोंडातनं काढायचं नाही, "बघते" पण म्हणू नका, ते लोक ते "बघते" महिनोन्‌महिने धरून बसतात. येणार नसाल तर आदल्या शनिवारी सांगून ठेवा. जवळच्या पोलिस चौकीत एकदा जाऊन आम्ही कोण, काय करतो ते सांगून या. घरचा पत्ता देऊ नका, एक वेगळा फोन नंबर ठेवा. आणि कोणी नको म्हटलं तर नको, त्यांना पण नको म्हणायचा अधिकार आहे आणि त्याचा राग मानायचा नाही.

ताडपत्री मेच्या शेवटच्या आठवड्यात घ्या, जूनमध्ये भाव चढतात. निळी पातळ घेऊ नका, एका पावसात चिरते, जाड घ्या आणि कडांना पितळेच्या रिंगा आहेत का बघा, दोरी ओवायला लागतात. आणि माप जाऊन विचारून घ्या. आम्ही एक वर्ष सगळ्यांना दहा बाय बाराची आणली, तर वळणावरच्या मावशी म्हणाल्या ताई आमचा फुटपाथ साडेसहा फुटाचाच आहे, उरलेली रस्त्यावर जाते आणि बस चाकाखाली ओढून नेते.